रिमोटचा रिसीव्हर घरी बनवता येतो, ते पण छापा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घर 'स्मार्ट' कसं करायचं यावर पानभर लेख होता. लेख वाचनीय होता, वाद नाही, पण त्यात एक सल्ला असा होता की ज्या टीव्हीला, म्युझिक सिस्टिमला, कॉम्प्युटरला इंटरनेट नाही किंवा रिमोट चालत नाही ते आता काढून टाका आणि नवीन घ्या. हे वाचून मला राहवलं नाही म्हणून पत्र लिहितेय. पत्र मोठं झालंय, कापायचं तर कापा, पण मधला रिमोटचा रिसीव्हर बनवायचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक ट्रेडला शिकवते. आमच्याकडे खेड्यापाड्यातली पोरं येतात, त्यांच्या घरी माळ्यावर बंद डीव्हीडी प्लेअर असतो, कुणाच्या काकांनी पुण्यामुंबईहून पाठवलेला जुना कॉम्प्युटर असतो, मोठे स्पीकर असलेली सिस्टिम असते जिचा आवाज आजही आजच्या प्लॅस्टिकच्या डब्यांपेक्षा भारी आहे. हे सगळं भंगारात जातं ते काय बिघडलंय म्हणून नाही, तर उठून बटण दाबायचा कंटाळा येतो म्हणून, किंवा रिमोट हरवला, किंवा रिमोट आहे पण पुढचा सेन्सर गेला म्हणून. आणि तो सेन्सर, म्हणजेच रिमोटचा सिग्नल पकडणारा रिसीव्हर, तीन पायांचा एक काळा ठिपका असतो, दुकानात वीस-तीस रुपयांना मिळतो, फार तर चाळीस. त्याच्यासाठी हजारोंचं सामान टाकायचं हे काही मला पटत नाही.

आता हा ठिपका करतो काय ते आधी सांगते, कारण हे कळलं की पुढचं सगळं सोपं आहे. रिमोटच्या तोंडाशी जो एलईडी असतो तो आपल्या डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकतो, साधारण ९४० नॅनोमीटरचा. खात्री करायची तर मोबाइलचा कॅमेरा चालू करा, रिमोट त्याच्याकडे धरून बटण दाबा, स्क्रीनवर जांभळट उजेड लुकलुकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर सेल्फीच्या कॅमेऱ्यात बघा, मागच्याला बऱ्याचदा इन्फ्रारेड अडवणारी काच असते. कुठलाही रिमोट 'गेला' म्हणून फेकण्याआधी ही टेस्ट करा. उजेड दिसला तर रिमोट ठीक आहे आणि दोष समोरच्या यंत्रात आहे, नाही दिसला तर आधी सेल बदला, मग रिमोट उघडून रबराच्या बटणांखालचा काळा कार्बन आणि पट्टी स्पिरिटने पुसा. निम्मे रिमोट एवढ्यावर जिवंत होतात.

पण प्रकाश तर सूर्याचाही असतो, बल्बचाही असतो, आणि त्यात इन्फ्रारेड भरपूर असतो. मग टीव्हीला कळतं कसं की हा रिमोटचा? हा प्रश्न खरा होता. अमेरिकेत झेनिथ कंपनीने १९५५ साली फ्लॅशमॅटिक नावाचा बिनतारी रिमोट काढला, युजीन पॉली या इंजिनियरने बनवलेला. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत चार फोटोसेल आणि हातात टॉर्चसारखं यंत्र, ज्या कोपऱ्यावर झोत पडेल ते काम होणार. अडचण अशी की खिडकीतून ऊन आलं की टीव्ही आपोआपच चॅनल बदलायचा. त्यामुळे पुढच्याच वर्षी त्याच कंपनीने रॉबर्ट ॲडलरचा आवाजावर चालणारा रिमोट आणला, त्यात धातूच्या दांड्यांवर छोटी हातोडी आपटायची आणि माणसाला ऐकू न येणारा आवाज निघायचा, सेलसुद्धा लागत नव्हता. नंतर पुन्हा प्रकाशाकडेच यायला लागलं, फक्त यावेळी युक्ती वेगळी केली.

युक्ती अशी की रिमोटचा एलईडी नुसता पेटत नाही, तो सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकतो, म्हणजे ३८ किलोहर्ट्झ. सूर्य असा लुकलुकत नाही. जत्रेच्या गोंगाटात आपल्या माणसाची शिट्टी आपल्याला बरोब्बर ओळखू येते तसं रिसीव्हर फक्त ही एक चाल ऐकतो आणि बाकी सगळं सोडून देतो. हे सगळं काम त्या तीन पायांच्या ठिपक्याच्या पोटात होतं, आत प्रकाश पकडणारा फोटोडायोड आहे, ॲम्प्लिफायर आहे, आजूबाजूच्या उजेडाप्रमाणे आवाज कमीजास्त करावा तशी स्वतःची ताकद कमीजास्त करणारं सर्किट आहे, ३८ किलोहर्ट्झची चाळण आहे आणि शेवटी डीमॉड्युलेटर, म्हणजे ती लुकलुक काढून टाकून आतला निरोप तेवढा ठेवणारा भाग. बाहेर येते ती स्वच्छ हो-नाहीची लाइन. पूर्वी हे सगळं सुट्या पार्ट्समधून करायला लागायचं, त्यात कॉइल ट्यून करा, शील्डिंग करा, आता सगळं रेडीमेड आहे म्हणून तर मी म्हणते की हे दहावीच्या पोराला सहज जमेल.

दुकानात टीएसओपी १७३८ म्हणून मागा. आकड्यातले शेवटचे दोन म्हणजेच किलोहर्ट्झ. १७३६ घेतला तर ३६ चा, जो फिलिप्सच्या जुन्या आरसी-५ पद्धतीला लागतो, सोनीचे रिमोट ४० वर चालतात. पण घाबरायचं कारण नाही, ३८ चा सेन्सर ३६ आणि ४० वाले पण पकडतो, फक्त अंतर थोडं कमी मिळतं, घरातल्या खोलीत फरक जाणवतही नाही.

इथे एक गोष्ट अगदी जोर देऊन सांगायची आहे, कारण आमच्या लॅबमध्ये सगळ्यात जास्त सेन्सर याच एका कारणाने मरतात. टीएसओपी १७३८ मागितला तरी दुकानदार बऱ्याचदा १८३८ किंवा ३८२३८ देतो, काम तेच करतो, दिसायला पण जवळपास तसाच, म्हणून तो म्हणतो घ्या हो चालतंय. काम तेच, पण पाय वेगळे! फुगीर बाजू आपल्याकडे करून धरला तर १७३८ चे पाय डावीकडून ग्राउंड, सप्लाय, आउटपुट असे आहेत, आणि १८३८ व ३८२३८ चे डावीकडून आउटपुट, ग्राउंड, सप्लाय. एकाच्या आकृतीवर दुसरा लावला की सप्लाय उलटा जातो, बोट लावलं तर चटका बसतो आणि सेन्सर संपला. त्यामुळे दुकानातून निघण्याआधी पाठीवरचा नंबर वाचायचा, नंबर बारीक असतो, मोबाइलने फोटो काढून झूम करायचा, आणि त्या नंबरची डेटाशीट, म्हणजे कंपनीचा माहितीचा कागद, बघूनच लावायचा.

आणि विकत तरी कशाला घ्यायचा म्हणते मी. बंद पडलेला सेटटॉप बॉक्स, डीव्हीडी प्लेअर, जुना टीव्ही, प्रत्येकाच्या पुढच्या पट्टीवर काळपट प्लॅस्टिकच्या मागे एक रिसीव्हर बसलेला असतोच. बऱ्याच वेळा त्याला पत्र्याचं छोटं घर असतं. जो पाय त्या पत्र्याला जोडलेला तो ग्राउंड, मल्टिमीटर बीपवर ठेवून लगेच कळतं. मग मूळ बोर्डावर ज्या पायाजवळ छोटा कॅपॅसिटर आणि रेझिस्टर आहे तो सप्लाय, राहिला तो आउटपुट. काढताना सोल्डरिंग आयर्न फार वेळ टेकवून ठेवायची नाही, एक पाय सोडवला की थोडं थांबायचं, गार होऊ द्यायचं, मग दुसरा. ती समोरची काळपट प्लॅस्टिकची पट्टी पण फेकू नका, ती डोळ्याला काळी दिसते पण इन्फ्रारेड आरपार जाऊ देते, आपल्या डब्याला खिडकी म्हणून तीच लावायची.

आता पहिलं सर्किट. याला कॉम्प्युटर लागत नाही, प्रोग्रॅम लागत नाही, काही नाही. मोबाइलच्या चार्जरची तुटकी यूएसबी वायर घ्या, कापा, आतली लाल म्हणजे ५ व्होल्ट, काळी ग्राउंड (मीटर लावून खात्री करा, स्वस्त वायरींमध्ये रंगाचा भरवसा नसतो). काळी सेन्सरच्या ग्राउंडला. लाल वायर १०० ओहमच्या रेझिस्टरमधून सेन्सरच्या सप्लायला. सप्लाय आणि ग्राउंडच्या मध्ये, सेन्सरच्या पायांना जितकं चिकटून जमेल तितकं, ४.७ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, १० चा असला तरी चालेल, पट्टा असलेला पाय ग्राउंडकडे. मग एक लाल एलईडी, त्याचा लांब पाय १ किलोओहममधून ५ व्होल्टला आणि आखूड पाय सेन्सरच्या आउटपुटला. एवढंच. ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता पार्ट्स नुसते खोचायच्या पट्टीवर, चहा गार व्हायच्या आत होतं. चार्जर लावा, एलईडी बंद राहील. कुठलाही रिमोट समोर धरून दाबा. एलईडी फडफडतो.

हा जो क्षण आहे ना, तो मी दरवर्षी नवीन बॅचला दाखवते आणि दरवर्षी सगळ्यांचे चेहरे बघते. पोरं आधी लांबून दाबतात, मग भिंतीकडे तोंड करून दाबतात, तरी फडफडतो कारण चुन्याच्या भिंतीवरून इन्फ्रारेड परत येतो, मग रिमोटवर हात धरतात, कागद धरतात, कोण म्हणतं मॅडम एसीचा आणू का ऑफिसमधला. एसीच्या रिमोटने एलईडी जरा जास्त वेळ फडफडतो कारण तो प्रत्येक वेळी तापमान, पंखा, मोड सगळीच्या सगळी माहिती पाठवतो. हे मी सांगायच्या आधीच एखादी मुलगी विचारते, मॅडम हा जास्त वेळ का? तिथून खरा तास सुरू होतो.

एलईडी बंद का होता आणि सिग्नल आल्यावर पेटतो कसा, हे पण मुलांनी विचारायला पाहिजे. या सेन्सरचा आउटपुट एरवी वर असतो, ५ व्होल्टच्या जवळ, आणि सिग्नल आला की खाली जातो. मीटर लावला तर बटण दाबल्यावर व्होल्टेज जरासं हललेलं दिसेल, पूर्ण शून्य नाही दिसणार कारण मीटर सरासरी दाखवतो आणि खाली जाणं हजारांश सेकंदांचं असतं.

त्या फडफडीत लिहिलंय काय? सगळ्यात जास्त रिमोट ज्या पद्धतीने बोलतात ती एनईसीची. बटण दाबलं की आधी ९ मिलिसेकंदांचा लांब ठोका, त्याचा अर्थ लक्ष द्या. मग ४.५ मिलिसेकंद शांत. मग ३२ बिट. प्रत्येक बिटचा ठोका सारखाच, ५६० मायक्रोसेकंदांच्या आसपास, फरक असतो तो ठोक्यानंतरच्या गॅपमध्ये, छोटा गॅप म्हणजे ० आणि तिप्पट गॅप म्हणजे १. पहिले ८ बिट यंत्राचा पत्ता, पुढचे ८ तोच पत्ता उलटा करून, म्हणजे जिथे ० तिथे १, मग ८ बिट बटणाचा नंबर आणि ८ त्याचाही उलटा. उलटं परत पाठवतात म्हणजे मध्ये काही गडबड झाली तर रिसीव्हरला कळतं आणि तो आवाज वाढवायच्या जागी चॅनल बदलत नाही. किती साधं आणि किती हुशारीचं काम आहे हे! बटण दाबून धरलं तर सगळं परत पाठवत नाही, साधारण दर ११० मिलिसेकंदांनी नुसता छोटा इशारा पाठवतो की अजून दाबलेलंच आहे. आरसी-५ मध्ये हेच वेगळ्या प्रकारे करतात, प्रत्येक नव्या दाबण्याला एक बिट पालटतो. हे पुढे उपयोगी पडतं, सांगते.

आता हा सिग्नल कॉम्प्युटरला द्यायचा. जुन्या लोकांना आठवत असेल, लिनक्सवर रिमोटचे सिग्नल ओळखणारं लर्क म्हणून सॉफ्टवेअर आहे, त्याच्यासाठी लोक सिरियल पोर्टवर चालणारा रिसीव्हर घरी बनवायचे आणि तो इतका सुंदर आहे की ज्यांच्याकडे मागे ९ पिनांचा पोर्ट असलेला कॉम्प्युटर आहे त्यांनी आजही बनवावा. त्याला वेगळा सप्लाय लागत नाही. पोर्टची ७ नंबरची पिन, आरटीएस, सॉफ्टवेअर वर करून ठेवतं, तिच्यातून १एन४१४८ डायोड, पुढे ७८एल०५ रेग्युलेटर, तिथे ५ व्होल्ट मिळाले. सेन्सरचा आउटपुट १ नंबरच्या पिनला, डीसीडीला, आउटपुट एरवी वर राहावा म्हणून त्याच्यापासून ५ व्होल्टपर्यंत ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, ग्राउंड ५ नंबरला. पाच-सहा पार्ट्स, कनेक्टरच्या टोपणातच मावतात. बाकी सगळं सॉफ्टवेअर करतं, ती पिन किती वेळ वर आणि किती वेळ खाली एवढंच मोजत बसतं. एक सूचना, यूएसबी-टू-सिरियल वायर लावून हे चालत नाही, कारण मध्ये वेळेचा हिशोब बिघडतो आणि या सगळ्या खेळात वेळ हीच तर माहिती आहे.

ज्यांच्याकडे तो पोर्ट नाही, म्हणजे आता जवळपास सगळेच, त्यांच्यासाठी माझ्या मते सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे प्रो मायक्रो नावाचा बोर्ड, ज्यावर एटीमेगा ३२यू४ चिप असते. हा बोर्ड यूएसबीला लावला की कॉम्प्युटर त्याला कीबोर्ड समजतो. मग विंडोज असो लिनक्स असो, काहीही इन्स्टॉल करायची भानगड नाही. सेन्सरचा आउटपुट बोर्डच्या एका पिनला, ५ व्होल्ट आणि ग्राउंड बोर्डवरूनच. केन शेरिफ यांनी २००९ मध्ये आर्डुइनोसाठी, म्हणजे अशा छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डांसाठी, आयआररिमोट ही लायब्ररी (तयार प्रोग्रॅमचा संच) लिहून सगळ्यांना फुकट दिली, ती आजही चालू आहे आणि आता इतर लोक सांभाळतात. तिच्यातलं उदाहरण चालवायचं, रिमोटचं एकेक बटण दाबून स्क्रीनवर येणारा पत्ता आणि नंबर वहीत लिहून घ्यायचा, आणि मग प्रोग्रॅममध्ये सांगायचं की अमुक नंबर आला तर स्पेस दाब, तमुक आला तर उजवा बाण. व्हीएलसी, कोडी असे गाणी-सिनेमे लावायचे प्रोग्रॅम, सगळं कीबोर्डवर चालतं, म्हणजे आता रिमोटवर चालतं. वर तो दाबून धरल्याचा इशारा सांगितला ना, तो फक्त आवाजाच्या बटणांना लागू करायचा. प्ले-पॉजला लागू केला तर बोट जरा रेंगाळलं की गाणं थांबतं-चालतं-थांबतं असं होतं.

रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर असेल तर बोर्डसुद्धा नको, सेन्सर थेट त्याच्या पिनांवर लागतो, पण तिथे ५ व्होल्ट द्यायचे नाहीत कारण त्या पिना ३.३ च्या आहेत. १७३८ ला ५ व्होल्ट लागतात म्हणून रास्पबेरी पायला ३८२३८ घ्यायचा, तो २.५ पासून चालतो. १ नंबरच्या पिनवरून ३.३ व्होल्ट, ६ वरून ग्राउंड, आउटपुट १२ नंबरला, म्हणजे जीपीआयओ १८. कॉन्फिग फाइलमध्ये जीपीआयओ-आयआरची एक ओळ घालायची. झालं.

रिमोट कुठला घ्यायचा? इथे लोक गोंधळतात. डीटीएचचा चालू रिमोट घेतला तर गाणं बदलताना तिकडे चॅनल पण बदलतं. घरात ज्याचं यंत्र आता नाहीये असा रिमोट घ्या, म्हणजे बंद पडलेल्या डीव्हीडी प्लेअरचा. प्रत्येक घरात ड्रॉवरमध्ये एक असतोच. त्यावर प्ले, पॉज, पुढे, मागे, मेनू, बाण, ओके, जे पाहिजे ते सगळं आहे.

आमच्या एका विद्यार्थ्याने हे आजोबांसाठी केलं. आजोबांना नाट्यसंगीत आणि कीर्तनं ऐकायची आवड, नातवाने जुन्या कॉम्प्युटरवर सगळं भरून दिलेलं, कॉम्प्युटर मोठ्या स्पीकरना जोडलेला, पण गुडघ्यामुळे दर वेळी उठून माउस धरणं होईना आणि माउसचा बाण त्यांना दिसायचाही नाही. पोराने डीव्हीडीच्या रिमोटवरची चार बटणं सोडून बाकीच्यांवर जाड इन्सुलेशन टेप मारला. राहिली ती चार: चालू-बंद, पुढचं, मागचं, आणि आवाजाचं. रिसीव्हर ओडोमॉसच्या रिकाम्या खोक्यात बसवला आणि कपाटावर ठेवला. आजोबा आता पहाटे भूपाळीपासून सगळं स्वतः लावतात. यात इंटरनेट नाही, महिन्याचे पैसे नाहीत, आवाज ओळखणारं यंत्र नाही की ज्याला आजोबांचं माणदेशी बोलणं कळत नाही म्हणून चारदा तेच सांगायला लागतं. तुमच्या लेखात ज्येष्ठांसाठी म्हणून जे काही सुचवलं होतं त्यापेक्षा हे मला जास्त उपयोगाचं वाटतं.

अडचणी येतात, त्या पण सांगायला हव्यात. काही सीएफएल आणि स्वस्त एलईडी बल्बांच्या आतल्या सर्किटमुळे सेन्सरला खोटे सिग्नल येतात, रिमोट न दाबताच एलईडी फडफडतो. सेन्सर बल्बाच्या तोंडावर ठेवू नका, तो १०० ओहम आणि कॅपॅसिटर गाळू नका, लोक 'चालतंय की त्याच्याशिवाय' म्हणून गाळतात आणि मग महिन्याने वैतागतात. दुपारचं ऊन थेट पडत असेल तर अंतर कमी होतं, जागा बदला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, लावून २३० व्होल्टचं बटण रिमोटवर आणायचा मोह होतो, सिस्टिम पूर्ण बंद-चालू करायला. ते घरी एकट्याने करू नका. मुलांनी तर अजिबात नाही. ५ व्होल्टपर्यंतचं सगळं शिकण्यासाठी मोकळं आहे, मेन्सला हात लावायचा तो माहितगार माणूस शेजारी उभा असताना, आणि नीट इन्सुलेशन असलेल्या डब्यातच.

आता माझी खरी तक्रार, आणि ती तुमच्याकडे कमी आणि आपल्या सगळ्यांकडे जास्त आहे. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून २०१६ पासून शाळांना टिंकरिंग लॅब, म्हणजे हाताने बनवून शिकायच्या प्रयोगशाळा, मिळतात, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. २०२५ च्या बजेटमध्ये पाच वर्षांत सरकारी शाळांत अशा आणखी ५० हजार लॅब करायची घोषणा झाली. चांगली गोष्ट आहे, मनापासून चांगली. पण मी ज्या प्रदर्शनांना जाते तिथे त्याच त्या अडथळा आला की वळणाऱ्या गाड्या आणि तेच ते आपोआप उघडणारे डस्टबिन दिसतात, किटमध्ये आलेले, जोडलेले, प्रदर्शन संपलं की परत कपाटात. मुलांच्या घरात जे यंत्र रोज लागतं त्याला हात लावणारं एखादंच. किटमध्ये बोर्ड आहेत, ब्रेडबोर्ड आहेत, सोल्डरिंग आयर्न आहेत, मग माळ्यावरचा डीव्हीडी प्लेअर शाळेत आणा आणि त्याचा सेन्सर काढून आजीच्या रेडिओला लावा हे का नाही सांगत आपण?

दुसरीकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू झाले. कागदावर दिशा बरोबर आहे. पण दुरुस्तीचा हक्क वापरायला दुरुस्तीची माहिती लागते, आणि ती आपल्या भाषेत जवळजवळ नाहीच. व्हिडिओ आहेत भरपूर, पण त्यात 'ये वायर यहाँ लगा दो' एवढंच असतं, का लावायची ते नसतं, आणि पायांचा क्रम बदलला की ते सगळं कोलमडतं. माझ्या वर्गातल्या मुलांना डेटाशीट वाचायची भीती वाटते ती इंग्रजीची, इलेक्ट्रॉनिक्सची नाही. तेच मराठीत समजावलं तर पहिल्या आठवड्यात वाचायला लागतात, आकडे तर सारखेच असतात.

आणि हे आत्ताच करायला पाहिजे असं वाटायचं अजून एक कारण. नवीन बॉक्सबरोबर जे रिमोट येतात त्यातले बरेच ब्लूटूथचे असतात. सोयीचे आहेत, भिंतीआडून चालतात, मान्य. पण तो रिमोट हरवला तर तोच कंपनीचा परत घ्यायचा, घरी एलईडी लावून त्यात काय चाललंय ते बघता येत नाही. इन्फ्रारेडचा रिमोट हे घरातलं बहुतेक शेवटचं असं यंत्र आहे ज्याचं सगळं बोलणं एक शाळकरी मुलगी तीस रुपयांच्या पार्टने ऐकू शकते आणि कागदावर लिहून काढू शकते. तो रिमोट घरात आहे तोवर तिला ते करू द्या.

पार्ट्स कुठे मिळतात असं वाचक विचारतील म्हणून सांगते, पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, बाकी जिल्ह्याच्या गावी टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात विचारा. तिथल्या काकांकडे जुने बोर्ड पडलेले असतात, नीट विचारलं तर सेन्सर फुकट पण देतात आणि वर दोन गोष्टी शिकवतात. या दुकानदारांकडे जेवढी माहिती आहे तेवढी माझ्याकडे पण नाही, तुमच्या पुरवणीने एकदा त्यांच्याशी बोलावं.

माझी मागणी एवढीच आहे की दिवाळीच्या सुट्टीच्या आधी, पुरवणीत अर्धं पान या रिसीव्हरला द्या. नुसतं पहिलं सर्किट, एलईडीचं. जमलं तर पुढच्या आठवड्यात कीबोर्डवालं. मजकूर मी लिहून देते, मानधन नको, कुणाला अडलं तर उत्तरं पण देईन, तुमच्या पत्त्यावर आलेली पत्रं मला पाठवा.

दोन्ही आकृत्या हाताने काढून सोबत जोडल्या आहेत, एक १७३८ ची आणि एक १८३८ ची. छापाल तेव्हा दोन्ही शेजारी शेजारी छापा, नंबर मोठ्या अक्षरात टाका, आणि पान लावणाऱ्यांना सांगून ठेवा की जागेसाठी चित्र आरशातल्यासारखं उलटं करू नका, नाहीतर सकाळी पेपर आल्यावर जिल्ह्यातल्या सगळ्या पोरांचे सेन्सर एकदम जळतील.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक आयटीआय शिक्षिका, जि. सातारा